पान दोनशे बारा

वाचनालयाचं पोस्टकार्ड आलं मार्गशीर्षात,
आई जाऊन चार महिने झाले होते.
'सौ. शालन कुबल, तळाशील.
आपणाकडील कादंबरी मुदतीबाहेर गेली आहे.'
बाबा म्हणाले, "तीच गेलीहा मुदतीभायर,"
आणि हसले की काय
ते कळायच्या आत खोकले.

पुस्तक सापडलं पिठाच्या डब्यामागे,
मांजरापासून लपवलेल्या खाऱ्या बांगड्यांशेजारी.
खुणेला बर्फाच्या कारखान्याची पावती:
दोन लाद्या, रोख.
पान दोनशे बारा.
पुढची पानं कोरी. म्हणजे छापलेली,
पण तिच्या बोटांवाचून.

मागे सगळीकडे ती होती.
हळदीचा अंगठा. चिकटलेला एक खवला, अभ्रकासारखा.
पान एकशे सदुसष्ट, जिथे कुणी आमटी केली होती,
तिथे समासात शिसपेन्सिलीने: मीठ विसरली बाई.
वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये
हे तिनेच आम्हाला शिकवलेलं.

मी म्हटलं, परत देऊन येते.
बाबा जाळं शिवत होते,
पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून.
"आवशीन खयपर्यंत वाचल्यान?"
दाखवलं.
"मगे थयसूनच वाच."

रोज रात्री, भांडी पालथी घातल्यावर,
एका कानाला खाडी, एका कानाला समुद्र,
मी वाचायची
आणि कुणालाच काही कळायचं नाही.
माधव इंदूचा नवरा की दीर?
त्या झाकून ठेवलेल्या शिलाई मशीनकडे
येणारा-जाणारा बघतो का?
मागची पानं उलटायला बाबांची मनाई. "ती तिची."
हर्षद, माझा धाकटा, म्हणाला,
कोणीतरी मेलंय त्यांचं,
आधीच्या पानांत.
मी पुढची ओळ वाचली नाही.
बाबांची सुई तेवढी चालत राहिली, एक गाठ,
मग एक उगाचच जास्तीची.

हळूहळू ओळखू लागलो माणसं,
पहाटेच्या धुक्यात होडी ओळखतात तशी,
इंजिनाच्या खोकल्यावरून.
हर्षदने इंदूची बाजू घेतली.
बाबा माधवाला शिव्या घालू लागले,
एकदा तर भर जेवणात, डाव आपटून.
श्रावणापासून नुसती पेज पिऊन उठणारा माणूस
त्या रागाच्या भरात
दुसऱ्यांदा भात मागत होता.
मी वाढला. कुणी काही बोललं नाही.
कालवणात मीठ कमी होतं, तेही नाही.

शेवटच्या पानावर इंदू मशीनवरचं कापड काढते,
चाकाला तेल घालते. एवढंच.
"संपला?"
संपलं.
"असा खय संपता? तिणां शिवल्यान काय,
तां तरी सांगूक होया होता."
आणि रात्रभर त्यावर विचार करत असल्यासारखे
कूस बदलत राहिले.

सकाळच्या एस्टीने तिघेही गेलो.
समास खोडायला मी रबर नेला होता,
खिशातच राहिला.
दंड एकशे चौदा रुपये.
पेडणेकर मास्तर म्हणाले, असू दे हो.
बाबांनी मोजून दिले, नोटांना सुंगटांचा वास.
"मग कार्ड बंद करू ना?"
बाबा कपाटासमोर उभे होते, हात पाठीशी,
मासळीच्या लिलावात उभे राहतात तसे,
मनातला भाव तोंडावर न आणता.
"ऱ्हवांदे," म्हणाले.
"आणि एक जाडसां द्या. अक्षरां मोठी होयीत."

कार्डावर नाव तिचंच आहे.
पावती माझ्याकडे. खवला होता तिथेच ठेवला,
दुसऱ्या कुणाला तरी सापडेल, किळस येईल, येऊ दे.
परतीच्या एस्टीत हर्षदने नवं पुस्तक
सवयीने मधूनच उघडलं.
बाबांनी हातातून काढून घेतलं,
पार पहिल्या पानावर नेलं,
आणि खिडकीच्या उजेडात, बोट ठेवून,
एकेक जोडाक्षर फोडत
प्रकाशकाचा पत्ता वाचायला लागले.